झाडूचा दांडा आणि विषुवदिन

आज २३ सप्टेंबर, विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असतात म्हणतात तो दिवस. भाचीला शाळेतून सावली मोजायला सांगितलेली, म्हणून सुट्टी टाकून मामाही पुण्याच्या उन्हात गच्चीवर. ९० सेंटिमीटरचा झाडूचा दांडा विटांच्या आधाराने ओळंबा लावून उभा केला. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका. मधे मधे ढग, मग नुसतं शेंगदाणे खात बसायचं.

साडेबाराच्या जरा आधी सावली सगळ्यात आखूड झाली, ३० सेंटिमीटर. त्यावरून कोन काढला तर साडेअठरा अंश. म्हणजे पुण्याचा अक्षांशच की! पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असतोच, पण आज कुठलाच ध्रुव सूर्याकडे झुकलेला नाही. सूर्य थेट विषुववृत्तावर.

"मामा, ठिपके सरळ रेषेत आलेत!" एरवी ही रेघ वाकडी येते, आजच सरळ.

दिवस-रात्र मात्र अगदी समान नसतात हं. सूर्याची वरची कड दिसली की उगवला म्हणायचं, त्यात हवा प्रकाश वाकवते, म्हणून दिवस काही मिनिटं मोठाच. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

चार वाजता ताई झाडू शोधत वर आली.