मोठे टायर घातले आणि आडव्या उतारावर चाक उचललं

जाताना दोन दिवसांत 84 किलोमीटर झाले, पण लिहिणार आहे त्यातल्या जेमतेम 400 मीटरबद्दल. पहिला दिवस सोपा होता. जंगलातली वाट, दोन ओढे, संध्याकाळी थोडा चिखल. एटीव्ही (खडबडीत वाटांवरची, हँडलने चालवायची चारचाकी) नीट चालवता येत असेल तर त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी मी टायर बदलले होते. गाडीला मूळचे 25 इंची होते, पुढे 25x8-12 आणि मागे 25x10-12 (उंची, रुंदी आणि रिम, सगळं इंचांत). "27 टाका, गाडी कुठेच डगमगणार नाही," असं दुकानात सांगितलं. मी टाकले. दुकानदाराने नव्या नटांचे पैसेही वेगळे लावले, जुने नट चांगले असताना. ते दुखणं आहेच, पण खरा राग त्या "डगमगणार नाही"चा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. डावीकडे चढ, उजवीकडे घळ, खाली सुटी खडी. शंभरेक मीटर गेलो असेन. वरच्या बाजूचं पुढचं चाक एका दगडावर चढलं, त्याच वेळी खालचं मागचं चाक खड्ड्यात बसलं. डावीकडचं मागचं चाक जमीन सोडून गरगरायला लागलं. मी जवळजवळ सीटवरून उतरून डावीकडे लटकलो आणि हँडल घळीच्या दिशेने वळवलं. वाचायला उलटं वाटेल, पण गाडी कलंडायला लागली की ती उताराच्या दिशेलाच वळवायची. चढाकडे वळवलीत तर उलटी होऊन तुमच्यावरच येईल. आणि पाय खाली टेकवायचा नाही, कधीच नाही.

मागे मित्र होता. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची, टायर मूळ मापाचे, फक्त रिम 4+3 ऑफसेटचे, म्हणजे चाक जरा बाहेर काढणारे. तो त्याच दगडावरून शांतपणे गेला. आधी वाटलं, माझाच हात कच्चा. म्हणून पुढच्या रुंद जागेवर गाड्या बदलल्या. उरलेल्या पट्ट्यात मी निवांत होतो आणि तो शिव्या देत होता. माझ्यासाठी विषय तिथेच मिटला.

रात्री तंबूत बसून हिशेब केला. डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांतलं अंतर 38 इंच आणि माणसासकट गुरुत्वमध्य 26 इंचांवर धरला, तर गाडी साधारण 36 अंशांना कलंडते. टायर 2 इंच मोठा म्हणजे गाडी 1 इंच उंच, आणि हा कोन 35 वर येतो. उलट प्रत्येक चाक 1 इंच बाहेर काढलं तर तो साडेसदतीसवर जातो. हे झालं कागदावरचं. खऱ्या उतारावर खालच्या बाजूचं सस्पेन्शन दबतं, टायरची भिंत मुडपते, दगड असतात, त्यामुळे गाडी याच्या कितीतरी आधी जाते. म्हणून एक-दोन अंश म्हणजे थोडे नाहीत.

तेव्हा स्थिरता हवी असेल तर आधी रुंदी, उंची नंतर. माझ्या गाडीला पुढे मूळचे 5+2 रिम आहेत. पहिला आकडा हबला टेकणाऱ्या पृष्ठापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचा, दुसरा बाहेरच्या कडेपर्यंतचा. 5+2 काढून 4+3 घातले की प्रत्येक बाजूला 1 इंच मिळतो. काही जण हे आकडे उलटे लिहितात, म्हणून खोक्यावर विश्वास ठेवू नका, पट्टी लावून मोजा. बोल्टचं मापही बघा: 4/110, 4/115, 4/137, 4/156 (चार बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये) अशी वेगवेगळी येतात आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

रुंदी फुकट मिळत नाही. चाक बाहेर गेलं की हँडल जड होतं, दगडाचा झटका थेट मनगटात येतो, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर ताण वाढतो. स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये बसणारी जाड चकती) लावूनही रुंदी मिळते, पण आडव्या उतारावर नटांची आणखी एक जोडणी मला नको. जमत असेल तर रिमच घ्या. ट्रेलवर अरुंद फाटक असेल तर गाडीची एकूण रुंदी आधी मोजा.

आता हवा. यात चूक माझी. दुकानात टायर रिमवर बसवताना भरलेली हवा तशीच होती आणि मी तपासलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, परतण्याआधी, कमी दाबाचा गेज लावला तर काटा शेवटाला जाऊन टेकला. एटीव्हीला साधारण 5 ते 7 पीएसआय लागते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. कारचा गेज इथे निरुपयोगी. हवा जास्त असली की टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो. फार कमी केली तर खालच्या बाजूची भिंत मुडपून बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कडा) रिमवरून सुटू शकतो. मी 6 वर आणली आणि परतताना तोच पट्टा निम्म्या घामात पार झाला. 6 प्लायची (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) कडक भिंत अशा जागी 2 प्लायपेक्षा बरी, जरा वजनदार असली तरी.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे-मागचे टायर एकाच उंचीचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर गिअरवर ताण येतो. मोठ्या टायरने ओढ कमी होते ती वेगळीच. 25 वरून 27 म्हणजे गिअरिंग 8 टक्के उंच. चढावर लो गिअर लवकर टाकावा लागला.

नट पहिल्या दिवसानंतर पुन्हा टॉर्क पान्याने घट्ट करा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. माझे दोन सैल निघाले. तेच, वेगळे पैसे लावलेले.

27 इंची टायर विकायला काढले आहेत. चिखलातच फिरणाऱ्याने खुशाल घ्यावेत, संध्याकाळच्या चिखलात ते खरंच सुरेख चालले.