ग्राहक आयोगात तारीख पुढे मागताना

जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार चालवता येते, म्हणून बरेच जण स्वतःच उभे राहतात. तक्रार लिहिणं एक वेळ जमतं. घोळ होतो तो नेमलेल्या तारखेला जाता येत नाही तेव्हा. कार्यालयात फोन करून कळवलं की तारीख आपोआप पुढे जाते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. फोनची नोंद रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, येत नाही, तिथे एवढंच लिहिलं जातं: पुकारा केला, तक्रारदार गैरहजर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३८ सांगतं की पुरेसं कारण दाखवल्याशिवाय सहसा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, द्यायची नाही, आणि दिली तर कारण लेखी नोंदवायचं. म्हणजे तुम्ही जे लिहाल तेच आयोगाला आपल्या आदेशात लिहावं लागणार. 'वैयक्तिक अडचणीमुळे' हे तिथे कसं शोभेल? त्याऐवजी असं लिहा:

"आज हे प्रकरण माझ्या पुराव्याच्या शपथपत्रासाठी नेमले आहे. मी दि. … पासून रुग्णालयात दाखल आहे. डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. तरी पुढील एक तारीख मिळावी, ही विनंती."

वर आयोगाचं नाव, तक्रार क्रमांक आणि वर्ष, दोन्ही बाजूंची नावं आणि नेमलेली तारीख, खाली सही. एका पानाच्या पुढे जाऊ नये. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे लोक हमखास विसरतात, पण अर्ज वाचताना आयोगाला तेच आधी हवं असतं. शपथपत्र द्यायचं बाकी असताना एक तारीख मिळणं सोपं. अंतिम युक्तिवादाला नेमलेलं प्रकरण, त्यात दोनदा आधीच पुढे गेलेलं, तर कारण भक्कमच लागतं.

प्रती मोजून काढा: एक आयोगाला, प्रत्येक सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) एकेक आणि एक आपल्याकडे पोच म्हणून. समोरच्या वकिलाला आधी प्रत देऊन अर्जावर 'हरकत नाही' अशी सही मिळाली, तर निम्मं काम झालं.

कारणाचा पुरावा अर्जाला जोडा: आजारपणाला दाखला, प्रवासाला तारीख नेमण्याआधी काढलेलं तिकीट, कागद मिळायचा असेल तर तो मागितल्याच्या अर्जाची पोच. 'वकील दुसऱ्या कोर्टात आहेत' हे कारण सर्रास दिलं जातं आणि तितकंच दुबळं असतं.

अर्ज दिला म्हणजे तारीख मिळाली, असंही नाही. त्या दिवशी प्राधिकारपत्र (आपल्या वतीने हजर राहण्याचा लेखी अधिकार) देऊन घरातल्या कुणाला तरी पाठवा. त्याने पुकाऱ्याला उभं राहून अर्जाकडे लक्ष वेधायचं आणि पुढची तारीख लिहून घ्यायची, बस्स. गावापासून लांब असाल, तर तारीख मागण्याआधी व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीचा अर्ज करून पाहा; कायद्यात त्याची सोय आहे.

आता सामनेवाल्याच्या बाजूने. लहान दुकानदार किंवा कंत्राटदार इथे फसतो. लेखी म्हणणं, म्हणजे तक्रारीला उत्तर, देण्याची मुदत ३० दिवस, आयोगाने वाढवली तर आणखी १५. त्यापलीकडे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. हे ४५ दिवस तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हाती आल्यापासून मोजतात, पहिल्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे सुनावणी दोन महिन्यांनी पुढे गेली, तरी मुदत तिच्याबरोबर सरकत नाही. शिवाय तहकुबीचा खर्चही भरावा लागू शकतो. तो पुढच्या तारखेआधी भरून पावती दाखल करा.

तारीख चुकलीच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोजनामा बघा. नुसती पुढची तारीख पडली असेल, तर गैरहजेरीचं कारण देणारा अर्ज लगेच टाका. पण तक्रार निकाली काढली असेल किंवा एकतर्फी (गैरहजर बाजूला न ऐकता) आदेश झाला असेल, तर जिल्हा आयोगाला स्वतःचा आदेश मागे घेता येत नाही. दिवाणी न्यायालयासारखा 'पुन्हा फाइलवर घ्या' हा अर्ज इथे चालत नाही. कलम ४० खालचं पुनर्विलोकन (आयोगाने आपलाच आदेश पुन्हा तपासणं) फक्त आदेशात उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. उरतं ते राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील, आणि पैसे देण्याचा आदेश सामनेवाल्यावर झाला असेल, तर त्या रकमेच्या ५० टक्के आधी भरूनच.