विकण्याआधी तारा बदला

पाऊस ओसरला, जत्रांचे आणि लग्नांचे दिवस जवळ आले, की गोव्यातल्या हौशी बेस गिटार वादकांमध्ये वाद्यांच्या अदलाबदलीची बोलणी सुरू होतात. फोंड्याच्या एकाला पाच तारांचा बेस हवा असतो. म्हापशाच्या दुसऱ्याकडे तो आहे, पण त्याच्या खांद्याला तो जड पडतो. नोकरी-धंदा सांभाळून वाजवणाऱ्याला चार वेगळी वाद्ये हाताखालून काढायची तर हाच परवडणारा मार्ग आहे, आणि तो चांगला मार्ग आहे. पण विकायला निघालेल्या बेसची तक्रार बहुतेक वेळा जुन्या तारांची आणि बिघडलेल्या जुळणीची असते. चार महिने पिशवीत दमट हवा खाऊन बाहेर आलेला बेस बसका वाजतो, तारा उंच लागतात, आणि मालक ठरवतो की वाद्यात दम नाही. घेणाराही त्याच मेलेल्या तारांवर वाजवून भाव पाडतो. एक चांगले वाद्य दोघांच्याही लेखी वाईट ठरते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: विकायचे ठरवण्याआधी नव्या तारा लावा, पूर्ण जुळणी करा आणि महिनाभर वाजवा. त्यानंतरही विकावेसे वाटले तर खुशाल विका.

जुळणीचा क्रम चुकवायचा नाही. आधी तारा, मग सूर, मग नेकचा (वाद्याच्या लांब दांड्याचा) वाक, मग तारांची उंची, मग बाराव्या फ्रेटचा (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) सूर, शेवटी पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबक). चार तारांच्या ३४ इंची (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच) बेसला ०.०४५, ०.०६५, ०.०८५ आणि ०.१०५ इंच जाडीचा संच सर्वसाधारणपणे चालतो. तार खुंटीपासून पुढे १० ते १२ सेंटिमीटर ठेवून कापायची, पण कापण्याआधी त्या जागी काटकोनात मुडपायची. न मुडपता कापली तर आतल्या गाभ्यावरचे वेटोळे सैल होते आणि कोरी तार पहिल्या दिवसापासून बोदी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खोचून दोन-तीन वेढे खालच्या बाजूला उतरत गेले पाहिजेत.

सूर लावून झाला, की जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे वाद्याच्या अंगाला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत फट दिसली पाहिजे, साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड तिथून जेमतेम सरकले पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक साधणारी सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा घट्ट करा. फट नसेल तर उलट दिशेने पाव फेरा सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा, लाकडाला थोडा वेळ द्या, मग परत मोजा. गोव्यात हे काम वर्षातून दोनदा करावे लागते: जूनमध्ये पाऊस धरल्यावर आणि पुन्हा नोव्हेंबरात हवा कोरडी झाल्यावर. नेक कुठल्या बाजूला जाईल हे लाकडावर आणि त्यातल्या रेषांवर अवलंबून असते, म्हणून अंदाजाने रॉड फिरवायचा नाही, दर वेळी मोजायचे.

वाक बसल्यावर उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.५ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर ही सुरुवात करायला चांगली मापे. बोटे जोरात मारणाऱ्याने अर्धा मिलिमीटर वाढवावा. यात सगळ्यांत जास्त घोळ होतो तो ब्रिजच्या (अंगावर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) सॅडलमधल्या (तार टेकते त्या ठोकळ्यातल्या) बारीक स्क्रूंचा. कळंगुट, कोलवा, हरमल या किनारपट्टीत खारी हवा त्या स्क्रूंना आधी खाते. वरून बघितले तर डोक्याच्या षटकोनी खाचेत तपकिरी पूड बसलेली असते, आणि तिच्यामुळे अॅलन की अर्धीच आत जाते. तशीच फिरवली की खाच गोल होते आणि मग तो स्क्रू कायमचा अडकतो. आधी सुईने पूड उकरून काढा, गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर ठेवा, आणि सकाळी की पूर्ण आत बसवून प्रथम किंचित घट्ट, मग सैल अशी हलवा. हा एक स्क्रू वाचला तर ब्रिज बदलण्याचा खर्च वाचतो.

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर) आणि तिथेच दाबून येणारा सूर ट्यूनरवर जुळवून बघायचे. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरता येत असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे जुळतच नाही, कारण मळ आणि गंज यांनी तारेचे वजन जागोजागी वेगळे झालेले असते. पिकअप शेवटी: शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली सुमारे ३ आणि बारीक तारेखाली अडीच मिलिमीटर अंतर ठेवा. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या सुरांना हेलकावा येतो.

घ्यायला जाताना स्वतःची केबल, ट्यूनर आणि एक नवी ९ व्होल्टची बॅटरी बरोबर न्या. अॅक्टिव्ह (बॅटरीवरच्या सर्किटच्या) बेसमध्ये केबल खोचली की सर्किट चालू होते; केबल खोचून ठेवलेला बेस बॅटरी संपवतो, आणि आवाज चिरका, फाटका येतो. बिचाऱ्या विकणाऱ्यालाही ते माहीत नसते. बॅटरीचा कप्पा उघडून बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर बॅटरी गळली आहे. फेंडरच्या जॅझ बेसच्या जातीचे वाद्य असेल, म्हणजे दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपचे, तर एका पिकअपचा आवाज कमी केला की गुणगुण ऐकू येणारच; दोन्ही पूर्ण उघडले की ती थांबते. हा बिघाड नाही. १९६० साली तो बेस आला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे. याउलट फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा दोन तुकड्यांचा पिकअप, जो १९५७ पासून आहे, तो नीट जोडलेला असेल तर कुठल्याही आवाजाला शांत असला पाहिजे.

आता जे दुरुस्त होत नाही ते. अंगाच्या बाजूने डोळा लावून नेककडे बघा. जाड तारेकडची कड आणि बारीक तारेकडची कड वेगवेगळ्या वाकलेल्या दिसल्या तर नेक पिळली आहे. ट्रस रॉड वाक काढतो, पीळ काढत नाही. असे वाद्य स्वस्तातही घेऊ नका. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर चटकन मरतो का तेही बघा. बोल्टने जोडलेल्या नेकमध्ये ही मृत जागा बऱ्याचदा आढळते. हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या नेकच्या टोकाला) वजनाचा चिमटा लावला तर ती थोडी सरकते, जात नाही. त्या सुरावर तुमचे बरेच वाजणे असेल तर दुसरा बेस बघा; नसेल तर हा दोष किंमत कमी करायला पुरेसा आहे, सोडून द्यायला नाही. फ्रेटवर बारीक तारांखाली खळगे पडले असतील तर ते घासून समतल करण्याचा खर्च किमतीतून वजा धरा. ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे का हे मालकाला विचारा. दुसऱ्याच्या वाद्याला त्याच्या परवानगीशिवाय की लावायची नाही.

पाच तारांच्या हौसेबद्दल. आपल्याकडे भजनी मंडळ, भावगीतांचे कार्यक्रम, नाट्यपदे यांत गायक पट्टी सांगतो ती पेटीच्या पट्ट्यांवरून. पुरुष गायकाने काळी एक सांगितली की षड्ज सी शार्पवर आला. चार तारांच्या बेसवर (जाड ते बारीक तारा: ई, ए, डी, जी) तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, ६९ हर्ट्झला. त्याच्या खालचा षड्ज चार तारांत नाहीच. पाचवी बी तार असेल तर तिच्या दुसऱ्या फ्रेटवर तो ३४.६ हर्ट्झला आहे. इथपर्यंत पाच तारांची बाजू भक्कम. पण घरच्या दहा इंची स्पीकरचा २५-३० वॅटचा अॅम्प ३४ हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही. कानाला त्याचे वरचे अंश ऐकू येतात आणि सूर मऊ, धूसर वाटतो. म्हणून केवळ घरी वाजवणाऱ्याने पाच तारांसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. मांडवात मोठ्या स्पीकरवर वाजवणार असाल तर जरूर घ्या. स्त्री गायिकेची काळी चार किंवा काळी पाच असेल तर जी शार्प ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि ए शार्प सहाव्या फ्रेटवर आहेच. तिथे पाचवी तार लागत नाही.

मांडवात वाजवणाऱ्याने मोठा अॅम्प घेण्याआधी डीआय बॉक्स (बेसचा आवाज थेट मिक्सरला नेणारी पेटी) घ्यावा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला अॅक्टिव्ह डीआय, अॅक्टिव्ह बेसला पॅसिव्हही चालतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जत्रेच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंगची खात्री नसते. तारा हातात असताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावा. पाच-दहा व्होल्टही दिसले तरी इलेक्ट्रिशियनने अर्थ जोडेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही.

वाद्य बदलून न सुटणारी एक अडचण आहे, आणि पुष्कळ जण तिच्यासाठीच वाद्ये बदलत राहतात. रॉकमधून आलेल्या हाताला षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशी सवय असते. मालकंसात पंचम नाही. तिथे ती सवय चालवली की गायकाचा राग मोडतो, आणि बेसवाल्याला वाटते आपला आवाज बसत नाही. मालकंसात षड्ज-मध्यम धरायचे. मारव्यातही पंचम वर्ज्य, शिवाय षड्जावर सारखे बसायचे नाही. तिथे बेसने बराच वेळ गप्प राहणे हेच चांगले वाजवणे. दुसरे म्हणजे डग्गा आणि पखवाजाची डावी बाजू बेसच्याच पट्टीत बोलतात. सूर लांब ठेवला तर दोन्ही एकमेकांना झाकतात. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची बोटभर रुंद पट्टी खोचली की सूर आखूड होतो आणि डग्ग्याची मींड मोकळी ऐकू येते. त्याला फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) तारांची जोड दिली तर बोटांची खरखर जाते, आणि या तारा आपल्या हवेत राउंडवाउंडपेक्षा (गोल वेटोळ्याच्या तारांपेक्षा) कितीतरी जास्त काळ टिकतात. हा बदल एका संचाच्या किमतीत होतो. नवा बेस घेऊन तो होत नाही.

गोव्यात शिकण्याची एक सोय मात्र इतर ठिकाणी सहज मिळत नाही. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून सोल्फेजो (लिहिलेले सूर वाचून गाण्याची पद्धत) शिकवला गेला, त्यामुळे तियात्राच्या (कोकणी संगीत नाटकाच्या) बँडमधला बेसवादक कागदावरून वाजवू शकतो. भजनात वाढलेल्याचा कान सरगमवर तयार असतो. वाद्याच्या व्यवहाराला भेटलात तर अर्धा तास हीसुद्धा देवाणघेवाण करा. कागद वाचायला बसताना एवढे लक्षात ठेवा, की बेस लिहिला जातो त्याच्या एक सप्तक खाली वाजतो.

व्यवहाराचे नियम थोडेच आहेत. अदलाबदलीत आधी दोन्ही वाद्यांची रोख किंमत ठरवायची, मग फरक द्यायचा. 'तुझा बेस आणि वर थोडे' अशा बोलण्यात कुणीतरी दुखावतो. दोष विकणाऱ्याने आपणहून आधी सांगायचे: मृत जागा, सोल्डर केलेला जॅक (केबल खोचायची जागा), बदललेला पॉट (आवाजाच्या बटणाचा आतला भाग). नवा पिकअप बसवला असेल तर जुना, त्याच्या स्क्रूंसह, वाद्याबरोबर द्यायचा. सुधारणांवर केलेला खर्च पूर्ण वसूल होईल ही अपेक्षा सोडायची. सीरियल नंबरचा फोटो आणि असेल तर बिल मागायचे, आणि ते मागितल्याचा कुणी राग मानायचा नाही. तीन दिवस परत करण्याची मुभा ठेवावी. घरच्या अॅम्पवर वाजवल्याशिवाय बेस कळत नाही.

नेताना, ३४ इंची बेसची एकूण लांबी सुमारे ११५ ते १२० सेंटिमीटर भरते, त्यामुळे स्कूटरवर हेडस्टॉक खांद्याच्या बराच वर जातो. झाडाच्या फांद्या आणि शटर यांना तोच आधी लागतो. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये तो वरच्या फळीवर न ठेवता दोन गुडघ्यांमध्ये उभा धरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर एक तासही नको. तारा पूर्ण सैल करू नका, एक सूर खाली आणल्या की पुरे. पिशवीत सिलिका जेलच्या शंभरेक ग्रॅमच्या दोन पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात.

आणि पिशवीच्या बाहेरच्या खिशात ट्रस रॉडची आणि सॅडलची अॅलन की टेपने एका कार्डावर चिकटवून द्या. त्याच कार्डावर तारांची जाडी, तारा लावल्याची तारीख, सातव्या फ्रेटवरची फट आणि बाराव्या फ्रेटवरची दोन्ही मापे लिहा.