तुम्ही विचारलंत म्हणून: गाइ सेन्सेईंनी रॉक लीला परवानगी द्यायला हवी होती का?

मी कराटे शिकवतो आणि ‘नारुतो’ ही निन्जांची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पाहतो, हे एकदा कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थी विचारतात, त्यांचे मोठे भाऊ विचारतात, आणि ही मालिका हिंदीत लागल्यापासून अधूनमधून पालकही विचारतात: वाळूने लढणारा गारा आणि रॉक ली या दोन निन्जा मुलांच्या लढतीत लीचे शिक्षक, गाइ सेन्सेई, बरोबर होते की चूक? आजवर ‘मोठा विषय आहे, नंतर बोलू’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. परवा एका दहा वर्षांच्या मुलाने तोच प्रश्न विचारला आणि माझे उत्तर ऐकण्याआधीच ‘बरोबरच होते, हो ना सर?’ असे म्हणून तो निघूनही गेला. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ही लढत 48 ते 50 या भागांत येते. जपानमध्ये ते 2003 साली दाखवले गेले. वाद घालणारे बहुतेक जण आठ दरवाजांपाशी अडकतात. शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी शक्तीवर घातलेले बंध म्हणजे हे दरवाजे. ते उघडले की अचाट बळ येते आणि त्याच बळाने स्नायू फाटू लागतात. कोवळ्या वयाच्या लीने त्यांतले पाच उघडले. ही निषिद्ध विद्या एका मुलाला शिकवल्याबद्दल दुसरे निन्जा शिक्षक काकाशी गाइ सेन्सेईंना तिथेच बोल लावतात, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती असे सुनावतात, आणि गाइ उलट विचारतात की त्या मुलाबद्दल तुला ठाऊक तरी काय आहे. तुमच्यातले निम्मे काकाशींच्या बाजूचे असतात आणि निम्मे गाइंच्या.

माझ्या मते ही चर्चाच उशिरा सुरू होते. खरा निर्णय दरवाजांच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. लीचा एकही प्रहार गाराच्या वाळूच्या भिंतीपलीकडे पोहोचत नाही, तेव्हा गाइ सेन्सेई वरच्या सज्जातून ओरडून सांगतात की ते काढ. हाताची मुद्रा धरलेल्या त्या प्रचंड दगडी पुतळ्यावर उभा असलेला ली लगेच काही काढत नाही. तो सेन्सेईंना त्यांचाच नियम ऐकवतो: आपल्या जिवाभावाच्या अनेक माणसांना वाचवायचे असेल तेव्हाच हे काढायचे, असे तुम्हीच सांगितले होते. आणि सेन्सेई अंगठा दाखवून म्हणतात, हरकत नाही, माझी परवानगी आहे. मग ली खाली बसून पायांवरची नारिंगी गुंडाळी सरकवतो आणि आतली वजने सोडतो. ती जमिनीवर आदळल्यावर उठलेला धुरळा सगळ्यांच्या लक्षात असतो. माझ्या लक्षात राहिला आहे तो परवानगी मिळाल्यावर उजळलेला चेहरा. ज्याला निन्जुत्सू (निन्जांच्या जादूसारख्या विद्या) येत नाही, गेन्जुत्सू (भ्रम निर्माण करण्याची विद्या) येत नाही, ज्याच्यापाशी हातपाय आणि मेहनत एवढीच पुंजी आहे, अशा मुलाला त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने परवानगी दिली होती. त्यानंतर त्या मुलाला थांबवणे कोणाच्या हातात उरते?

मी हे भाग पहिल्यांदा पाहिले ते मित्राने आणून दिलेल्या सीडीवर, वयाच्या बाविसाव्या वर्षी. तेव्हा मी गाइंच्या बाजूने कोणाशीही भांडायला तयार असे. त्या वयातल्या मला मूर्ख ठरवायची माझी तयारी नाही. मला लहानपणी एका शिक्षकाने सर्वांदेखत सांगितले होते की तुझी शरीरयष्टी या खेळासाठी नाही, आणि पुढची चार वर्षे मी पहाटे उठून फक्त तेवढ्या एका वाक्याशी लढलो. अशा माणसाला गाइ सेन्सेई दिसले, तर तो त्यांच्या पायांपाशी बसणारच. स्वतःचा वर्ग काढल्यावर मी ठरवून टाकले की माझ्याकडे येणाऱ्या कोणत्याही मुलाला ‘तुला जमणार नाही’ असे म्हणायचे नाही, आणि तो शब्द मी पाळला आहे. दरवर्षी ग्रेडिंगच्या, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेच्या, आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर मी मुलांना हीच लढत दाखवत असे.

आता 2019 ची गोष्ट. माझ्याकडे सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी होती. अंगाने बारीक, वेगाने कमी, पण वर्गात सर्वांत आधी येणारी. ही लढत दाखवली त्या संध्याकाळनंतर तिने आईकडून जुन्या जीन्सच्या पायाच्या दोन लांबट पिशव्या शिवून घेतल्या, घराशेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून त्यांत भरली, आणि त्या घोट्यांवर बांधून, वर गीची (कराटेच्या गणवेशाची) पॅन्ट सोडून ती सरावाला येऊ लागली. मला ते दुसऱ्याच दिवशी कळले. घोट्यावर वजन बांधून हजारदा मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची लाथ) मारली की झटका गुडघ्यावर येतो, हे मला पुरते ठाऊक होते. मी तिला वजन कमी कर असे सांगितले. काढून टाक असे सांगितले नाही. खरे सांगायचे तर मला त्या पिशव्यांचा अभिमान वाटला होता.

जिल्हा स्पर्धेच्या पंधरा दिवस आधीपासून ती जिना उतरताना कठड्याला धरत होती. विचारले की म्हणायची, काही नाही सर, आखडलंय. स्पर्धेत ती दोन फेऱ्या जिंकली. तिसरीच्या आधी मॅटच्या कडेला बसून तिने गुडघ्यावरची पट्टी सैल करून पुन्हा घट्ट बांधली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिने काहीही विचारले नाही. मी खुर्चीत बसलो होतो; उठून पंचांना ‘आम्ही माघार घेतो’ एवढेच सांगायचे होते. मी अंगठा दाखवला. ती हसली. लढत सुरू होऊन अर्धा मिनिटही झाला नसेल, लाथ मारताना तिचा टेकलेला पाय जागीच फिरला आणि ती खाली बसली. ओरडली नाही. हाताने जमीन चाचपून उठायचा प्रयत्न करत राहिली, आणि पंच तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हाही मी खुर्चीतच होतो.

लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिने गेले.

म्हणून मला 50 वा भाग आता वेगळा दिसतो. गाराच्या वाळूने लीचा डावा हात आणि डावा पाय चिरडल्यानंतर ती वाळू त्याचा जीव घ्यायला येते, तेव्हा गाइ सेन्सेई मध्ये उडी घेतात. मध्ये पडले की ली हरला, हे त्यांना माहीत असते. पूर्वी मला ती उडी महान वाटे. आज मी स्वतःला विचारतो की ती एका मिनिटापूर्वी का घेतली नाही. आणि तरीही त्यांनी ती घेतली. मी घेतली नाही. हा फरक काकाशींच्या बाजूने बोलताना मला नेहमी आडवा येतो. पुढे तो मोडलेला मुलगा पुन्हा पवित्रा घेऊन उभा राहतो, गाइ त्याला समजवायला जवळ जातात, आणि तो शुद्धीवरच नाही हे त्यांच्या लक्षात येते. ते त्याला मिठी मारून रडतात आणि म्हणतात की तू आधीच एक उत्तम निन्जा आहेस. हे वाक्य वजने काढण्याआधी म्हटले असते तर लीला ते पुरले असते का? मला वाटते, नसते पुरले. तो फक्त सेन्सेईंना खूश करायला लढत नव्हता. मेहनतीने माणूस घडतो हे त्याला जगासमोर सिद्ध करायचे होते. इथे येऊन माझा युक्तिवाद पुन्हा डळमळतो.

पुढे निन्जा वैद्य त्सुनादे सांगतात की शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची शक्यता फार तर 50 टक्के आहे, फसली तर जीव जाईल. आणि गाइ लीला म्हणतात की तसे झाले तर मीही तुझ्याबरोबर मरेन. हे ऐकून बाविसाव्या वर्षी मी रडलो होतो. आता वाटते की त्या वचनाचा ओझ्यापलीकडे त्या मुलाला काय उपयोग? पण मी तरी काय दिले? रुग्णालयात तिच्या आईशेजारी शहाळे हातात धरून बसलो आणि ‘चूक माझी आहे’ हे वाक्य बोलायला मला चार महिने लागले.

ते बोललो तेव्हा ती चिडली. म्हणाली, ‘सर, तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी दुसऱ्या क्लासला गेले असते.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि माझा पाय आहे, निर्णयही माझाच होता.’ मी तिला सांगितले की सोळाव्या वर्षी तो तुझा एकटीचा नसतो. तिला ते आजही मान्य नाही. ती आता रविवारी येते, लहान मुलांचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) तपासते, आणि गाइंचा विषय निघाला की माझ्याविरुद्ध त्यांची बाजू घेते.

ग्रेडिंगच्या आदल्या दिवशी मी आता ही लढत दाखवत नाही. मुले ती घरी पाहतातच. वाळूच्या त्या दोन पिशव्या माझ्या कपाटात आहेत. एकीची शिवण उसवली आहे, आणि कप्पा उघडला की थोडी वाळू सांडते. गेल्या महिन्यात तिने त्या परत मागितल्या. मी अजून दिलेल्या नाहीत.