नाही असं नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात परभणीजवळच्या आमच्या गावी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. समोर पेरणीचा निरोप पाठवणाऱ्या ॲपचा जुना कोड. त्यात अट अशी: ‘ओल नाही किंवा बियाणं नाही, असं नसेल तर निरोप पाठव.’ लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग नाव बघितलं, मीच होतो.

यावर डी मॉर्गन नावाच्या गणितज्ञाचा उतारा आहे. बाहेरचा नकार कंसात ढकलला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं, आतले नकार गळून पडतात. उरतं एवढंच: ओल आणि बियाणं. (हा गृहस्थ जन्मला आपल्या मदुराईत, १८०६ साली. तिथं नकाराला नकार देणारी माणसं त्याच्या कानावर पडली असतील का, कोण जाणे.)

पुढची ओळ मात्र नडली. ‘पाऊस झाला, किंवा पाऊस झाला आणि वापसा आला.’ (वापसा म्हणजे चिखल ओसरून रान पेरणीजोगं होणं.) दिसायला भारदस्त, पण सोपी करायला गेलो तर वापसा उडूनच गेला. पाऊस झाला की पहिला भाग खरा, मग दुसरा असला काय नि नसला काय!

“काय करायलास रे?” अण्णांनी विचारलं. मी सांगितलं.

“म्हंजे चिखलात पेरायची?”

दोन वर्षं ॲप तेच सांगत होतं. लांबलचक अटीच्या पदराआड चूक मस्त लपून बसली होती. आता ‘पाऊस आणि वापसा’ केलं. पाऊसही नुसता शिंतोडा नको, ७५ ते १०० मिलिमीटर. आणि तो आधी तपासायचा. ती अट खोटी ठरली की यंत्र पुढं बघतच नाही, वापशासाठी कुणाला उगाच रानात पाठवावं लागत नाही. अण्णा तर जन्मभर आधी आभाळाकडं बघूनच पायात वहाणा घालतात.

जॉर्ज बूल या गणितज्ञानं १८५४ साली ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’चं हे बीजगणित विचाराचे नियम म्हणूनच मांडलं होतं. त्याला आमच्या मामांचा फोन कधी आला नव्हता. त्या दिवशी दुपारी आला. जेवायला येताय का, आईनं विचारलं.

“येणार नाही असं नाही.”

दोन नकार, कोडमध्ये मी डोळे झाकून खोडले असते. आईनं भाकरी थापली नाही. पीठ तेवढं चाळून ठेवलं.