सीपीयू रिकामा, तरी लोड ४०?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सर्व्हर सांभाळायला नव्याने लागलेली मुलंमुली मला हेच विचारतात: ‘लिनक्सवर लोड अ‍ॅव्हरेज ४० दिसतोय आणि सीपीयू मात्र ९० टक्के रिकामा. यातलं खरं काय?’

दोन्ही खरं. लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे मशीनवर कामाचा ताण किती, ते प्रोसेस (सुरू असलेले प्रोग्रॅम) मोजून सांगणारा सरासरी आकडा.

बहुतेक प्रोसेस बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. नेटवर्कवरून काही येईल, कुणी कळ दाबेल, म्हणून थांबलेल्या. अशा शेकडो असल्या तरी शेड्युलर (सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणारा) त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ज्यांना आत्ता सीपीयू हवाय, त्याच त्याच्या रांगेत. पण झोपेचा आणखी एक प्रकार आहे, ‘डी’ अवस्था. डिस्ककडे काहीतरी मागून बसलेली प्रोसेस सहसा या अवस्थेत जाते आणि उत्तर येईपर्यंत उठवून उठत नाही. तिला सीपीयू नकोच असतो, तरी लिनक्स तिला लोडमध्ये धरतं.

आधी धरत नव्हतं. १९९३ साली एका पॅचने (कोडमधल्या दुरुस्तीने) हे बदललं, आणि त्याचं कारण मासलेवाईक आहे. वेगवान स्वॅप डिस्क (मेमरी अपुरी पडली की वापरायची) काढून मंद डिस्क लावली, की मशीन रखडायचं आणि लोड मात्र उतरायचा! सगळ्या प्रोसेस डिस्कपाशी अडकल्यावर सीपीयूच्या रांगेत उरणार कोण? या बदलाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तो पटतो.

तेव्हा ४० बघून लगेच सीपीयूचे कोअर वाढवून मागू नका. नाइस, म्हणजे प्रोसेसचा अग्रक्रम, उणे २० (सगळ्यात वरचा) करूनही उपयोग नाही, कारण तो रांगेतल्यांच्या वाटणीचा आकडा, आणि ही मंडळी रांगेतच नाहीत. ‘पीएस’मध्ये (प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेत) ‘डी’वाल्या किती ते मोजा, ‘डब्ल्यूचॅन’ स्तंभात त्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कुठे अडकल्यात ते बघा. बऱ्याचदा गाठ पडते ती न बोलणाऱ्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या) सर्व्हरशी, नाहीतर मरू घातलेल्या डिस्कशी. प्रोसेसला सक्तीने मारणारं ‘किल -९’ही अशा वेळी हात टेकतं: सिग्नल पोचतो, पण मरण्यासाठी प्रोसेसला आधी जागं व्हावं लागतं. (२००८ च्या २.६.२५ कर्नलपासून मारता येईल अशी झोप आली खरी, पण ती सगळीकडे नाही.)

मी स्वतः हल्ली लोडच्या आधी प्रेशरचे आकडे बघतो. २०१८ च्या ४.२० कर्नलपासून त्यांत सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्क वगैरेंशी देवाणघेवाण) यांच्यापायी होणारा खोळंबा वेगवेगळा कळतो. काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांवर) तेवढं बूटच्या वेळी चालू करावं लागतं. आयओचा आकडा फुगलेला आणि सीपीयूचा शून्याजवळ असेल, तर थेट स्टोरेजवाल्यांना फोन लावा.