तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधलं हॅकिंग खरं असतं का?

"तुम्ही ते सायबरपंक वगैरे खेळता, त्यात खरं हॅकिंग शिकायला मिळतं का?" मी सायबरपंकसारखे, म्हणजे भविष्यातल्या हॅकर्सच्या जगातले टेबलटॉप गेम (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेत, फासे टाकत खेळायचे) चालवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. उत्तर नाही असंच आहे, आणि मिळायलाही नको, कारण टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात आणि नियमांचं पहिलं काम त्या सगळ्यांना खेळात ठेवायचं असतं.

बाकी हा संशय अमेरिकेतल्या सरकारी लोकांनाही आला होता बरं का. 1 मार्च 1990 ला सीक्रेट सर्व्हिसनं ऑस्टिनमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या गेम काढणाऱ्या कंपनीवर धाड टाकली, आणि जप्तीत गर्प्स सायबरपंक या गेमच्या पुस्तकाचं न छापलेलं हस्तलिखितही गेलं! पुढे 1993 मध्ये कोर्टात कंपनी जिंकली.

जुन्या गेम्सचं घोडं अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. शॅडोरन (1989) मध्ये डेकर (म्हणजे हॅकर) मॅट्रिक्स नावाच्या कम्प्युटर नेटवर्कमध्ये शिरला की एकेक नोड, म्हणजे टप्पा, पार करत जायचा, ‘सायबरपंक 2020’ नावाच्या गेममध्ये तर जीएम (खेळ चालवणारा) चौकटीच्या कागदावर अख्खी डेटा फोर्ट्रेस, म्हणजे हॅक करायच्या नेटवर्कचा किल्ला, आखून आणायचा, ते नकाशे मला आजही फार आवडतात, पण खेळताना काय व्हायचं तर हॅकर आणि जीएम दोघंच तासभर खेळणार आणि बाकीचे चहा पीत बसणार. शॅडोरनच्या चौथ्या आवृत्तीनं (2005) सगळं वायरलेस केलं, म्हणजे मारामारी चालू असतानाच समोरच्याची बंदूक हॅक करा, ते बरंच बरं झालं.

माझ्या मते खरी तोड काढली ती सायबरपंक रेडनं (2020). गोष्टीतच सांगून टाकलं की रेश बार्टमॉस नावाच्या हॅकरच्या डेटाक्रॅश या व्हायरसनं जुनं जगभराचं नेट उद्ध्वस्त झालंय, आता प्रत्येक इमारतीचं आपापलं बंद नेटवर्क, आणि त्यात शिरायचं तर नेटरनरनं (इथला हॅकर) अ‍ॅक्सेस पॉइंटपासून (नेटवर्कला जोडायच्या जागेपासून) 6 मीटरच्या आत हवं. म्हणजे घरी बसून काही होत नाही, टीमबरोबर आत घुसावंच लागतं! आतलं नेटवर्क लिफ्टसारखं, एका मजल्यावर पासवर्ड, खाली फाइल, त्याखाली कॅमेरे किंवा दारं चालवणारा कंट्रोल नोड, मध्येच ब्लॅक आइस, म्हणजे हल्ला करणारे राखणदार प्रोग्रॅम, दबा धरून. नेटरनरचं इंटरफेस नावाचं कौशल्य 4 असेल तर एका टर्नमध्ये 3 नेट अ‍ॅक्शन, आणि त्याच टर्नमध्ये बाजूला मित्र गोळ्या झेलतोय, त्यामुळे सगळे श्वास रोखून बघतात.

आणि गंमत म्हणजे यातली एक गोष्ट खऱ्या जगाच्याही जवळ आहे. कारखान्यांची वगैरे महत्त्वाची यंत्रणा बरेचदा इंटरनेटपासून तोडून ठेवतात, मग तिथवर कुणीतरी प्रत्यक्ष पोचावंच लागतं. शिवाय खरे हल्ले कितीदा तरी माणसाला गंडवूनच होतात, बँकेतून बोलतोय म्हणणारा फोन आपल्या सगळ्यांना येतोच की. त्यासाठी मला वेगळे नियम लागत नाहीत, टीममधला गोडबोल्या गार्डशी बोलतो, मी गार्ड होऊन उत्तरं देतो, आणि त्यानं बोलण्याबोलण्यात पासवर्ड काढून घेतला तर माझ्या टेबलवर नेटरनरला पासवर्डच्या मजल्यावर फासा टाकावा लागत नाही.